पातळ काही देऊ नये

“यांना कुणीतरी पाणी पाजतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

आवाज असा, की बाहेरच्या माणसाला वाटावं विषाबद्दल बोलणं चाललंय. अप्पांच्या बाबतीत ते खोटंही नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा डावा हात नेला, डावा पाय नेला, जीभ जड केली आणि जाताजाता गळ्याचीही वाट बिघडवून ठेवली. पातळ काहीही गिळलं की ते पोटात जायचं सोडून छातीत उतरायचं. म्हणून त्यांचं पाणीसुद्धा एक पावडर घालून घट्ट करावं लागे. चहा घट्ट, ताक घट्ट, आमटी घट्ट. सगळं पिठल्यासारखं, चमच्यानं भरवायचं. पाणी प्यायचं नाही, खायचं.

“कोण पाजणार?” मी म्हटलं. “सेवाकेंद्रात त्यांच्या पलंगावर पाटी लावलीय मी. लाल अक्षरात. ‘पातळ काही देऊ नये.’”

“पाटी असेल. पण छातीचा फोटो वेगळंच सांगतोय.” त्यांनी तो उजेडासमोर धरला. खालच्या बाजूला पांढरं धुकं साचलं होतं. “गेल्या खेपेलाही हेच होतं, आणि या वेळी जास्त आहे. शालनताई, स्पष्ट सांगते. परत असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्ही शोधून काढा, कोण देतंय.”

मी दवाखान्यातल्या अप्पांच्या कॉटपाशी गेले. नाकाला नळी, ओठांवर पापुद्रे. मी वाकून विचारलं, “अप्पा, खरं सांगा. पाणी कोण देतं तुम्हाला?”

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं आणि परत मिटले.

“कुनी न्हाई,” ते म्हणाले.

माझ्या बापाला खोटं बोलता येत नव्हतं. जन्मभर भैरोबाच्या देवळात पुजारी राहिलेला माणूस, त्याला सवयच नव्हती. त्यामुळे ते खोटं बोलले की लगेच कळायचं. त्या दिवशी तसं काही दिसलं नाही. म्हणजे ते खरं बोलत होते, आणि तरी छाती भरत होती.

मी तेव्हा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून माइकवरून ओरडणारी बाई. गाडी कुठली, फलाट कुठला, ड्रायव्हर कुठं चहा पीत बसलाय, सगळं मला माहीत असायचं. ड्रायव्हर-कंडक्टर पाठीमागं मला ‘भोंगा’ म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं. लग्न केलं नव्हतं. घरात मी आणि अप्पा. पाळ्यांची नोकरी असल्यानं झटक्यानंतर त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून साताऱ्याच्या बाहेर, माळावर असलेल्या त्या सेवाकेंद्रात मी त्यांना ठेवलं. त्याला चांगलंसं नाव होतं, फाटकावर रंगवलेलंही होतं, पण येणारेजाणारे सगळे ‘माळावरचं घर’च म्हणायचे. आजूबाजूला झाड नाही. वारा मात्र अष्टौप्रहर, आणि कुठलं ना कुठलं दार सारखं आपटत असायचं.

अप्पा बरे होऊन तिकडं परतले त्या दिवशी मी पदर खोचूनच आत शिरले.

“नलिनीताई, मला स्वयंपाकघर बघायचंय.”

नलिनीताई केंद्र चालवायच्या. गोऱ्या, नीटनेटक्या, बोलणं असं की समोरच्याचा राग अर्ध्यावरच विरावा. “बघा ना. आपलंच आहे,” म्हणाल्या. “पण शालनताई, आमच्याकडून चूक होणं शक्य नाही हो. अप्पांचं सगळं वेगळं होतं. भांडं वेगळं, चमचा वेगळा.”

खरंच सगळं वेगळं होतं. पावडरचा डबा फळीवर, त्याच्यावर अप्पांचं नाव. कुसुम नावाची स्वयंपाकीण होती, तिनं माझ्यासमोर पाण्यात पावडर घालून ढवळून दाखवलं. चमचा उलटा केला तरी पाणी पडेना. मला एवढं बघून गप्प बसता आलं असतं. पण माझ्याकडे पुरावा होता.

“आणि हे काय मग?” मी रुमालाची गाठ सोडली. दवाखान्यात नेलं त्या दिवशी अप्पांची कवळी धुताना त्यात हिरव्या पानाचा तुकडा अडकलेला सापडला होता. वाळून काळपट झाला होता, पण पान होतं हे नक्की. “कोथिंबीर! यांना बारीक करून द्यायचं, पान-देठ घालायचं नाही, हे सांगितलं होतं ना? म्हणजे दुसऱ्यांची आमटी यांना वाढली जाते. पातळ आमटी!”

कुसुम लालबुंद झाली. “मी त्यांच्यात हिरवं घालतच न्हाई. आईशप्पथ. तुमी काय पन बोलायला लागला व्हय?”

“मग हे उडून आलं का तोंडात?”

“मला काय म्हाईत? माज्या हातचं न्हाई त्ये.”

ती पदरानं डोळे पुसत पिठाकडं वळली. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. माझ्या बापाचा जीव जायची वेळ आली होती, कुणाच्या रुसण्याकडं बघायला मला सवड नव्हती.

अप्पांच्या खोलीत काळसेकर नावाचे गृहस्थ होते. पोस्टातून निवृत्त झालेले, सडपातळ, कायम दाराकडं नजर. त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली असायची. मी ती सरळ उचलली.

“ही आजपासून बाहेर राहील. रागावू नका.”

“न्या की,” ते म्हणाले. “पण ते माझ्या बाटलीला हात लावत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, घोटभर घ्यायचंय का म्हणून. भारी रागावले.” मग त्यांनी दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला. “तुम्हाला एक सांगू? गुरुवार वाईट जातो यांचा.”

“म्हणजे?”

“गुरुवारी दिवे मालवले की खोकतात. पण कसं? उपरण्याचा बोळा तोंडात धरून. अंग नुसतं गदागदा हलतं. बेल दाबू का म्हटलं, तर माझा हात धरला. असा धरला की सकाळी वळ होता.” त्यांनी मनगट पुढं केलं, जणू वळ अजून असावा. “शुक्रवारी अंग कोमट. शनिवारी ताप.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“त्यांनी हात धरला होता ना,” काळसेकर म्हणाले.

अप्पा शेजारच्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते. त्यांच्या मानेवरून मला ते कळत होतं.

बाहेर व्हरांड्यात सिंधूताई चादरी झटकत होती. अप्पांची अंघोळ, कपडे, खुर्चीत बसवणं, सगळं तीच करायची. कोरेगावकडची, तोंडाची फटकळ, मला आवडायची. मी तिला विचारलं, “गुरुवारी काय असतं गं इथं?”

“गुरुवारी?” तिनं चादर परत झटकली. ती आधीच झटकून झाली होती. “आरती आस्ती संध्याकाळी. दत्ताची. आनि काय आसनार?”

“अप्पांना कुणी भेटायला येतं?”

“न्हाई बा.”

“पाणी कोण पाजतं?”

“शालनताई, मी दोन पोरांची आई हाय. तुमच्या बापाला मी कशाला मारीन?” तिचा आवाज चढला, पण डोळे चादरीवर. मला तिच्या डोळ्यांत बघता आलं नाही. तिनं बघूच दिलं नाही.

त्या रात्री मी जेवले नाही. मनात काय काय येऊन गेलं. एखाद्याला कंटाळा आला असेल भरवण्याचा. एखाद्याला वाटत असेल, म्हातारा सुटला तर बरं. माळावरच्या त्या घरात सगळेच सुटायची वाट बघत असल्यासारखे बसलेले असायचे. तिथं कुणी कुणाला सोडवायचं ठरवलं तर कळणार कुणाला?

पुढच्या गुरुवारी मी पाळी बदलून घेतली आणि सकाळीच जाऊन बसले.

सांगायला हरकत नाही, मी त्या दिवशी वेड्यासारखीच वागले. चहा आला, चमचा तिरका करून बघितला. घट्ट. नाश्त्याची लापशी, घट्ट. औषधाची गोळी कुसकरून दिली तीही घट्ट ताकात. कुसुम ताट ठेवून माझ्याकडं न बघता जायची. दुपारची आमटी मी बोटानं चाखली. सगळं जसं असायला हवं तसं होतं आणि त्यामुळेच माझा जीव जास्त घाबरा झाला. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि अप्पा. मी ज्या अप्पांना रविवारी भेटायची ते खुर्चीत मान टाकून बसलेले असायचे. हे अप्पा वेगळे होते. सिंधूताईकडून गुळगुळीत दाढी करून घेतली होती. विजार नको, धोतर पाहिजे म्हणून हटून बसले. दुपार कलली तशी त्यांची चुळबुळ वाढली. सारखे खिडकीकडं बघायचे, मग माझ्याकडं.

“तू जा,” म्हणाले.

“जाईन की. आज सुट्टी आहे मला.”

“गाडी चुकंल.”

“अप्पा, गाड्या मी सोडते. माझी कशी चुकेल?”

एरवी ते हसले असते. ते हसले नाहीत. “जा म्हन्तो ना,” म्हणाले, आणि जड जिभेनं ते शब्द तोंडातून ढकलताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. माझ्या बापानं मला कधी ‘जा’ म्हटलं नव्हतं. मला इतकं लागलं की मी खरंच उठले, पिशवी घेतली, त्यांच्या पाया पडले आणि बाहेर पडले. फाटकापर्यंत गेले. मागं वळून बघितलं तर खिडकीत त्यांचं तोंड. मी जातेय की नाही हे ते बघत होते.

मी फाटकातून बाहेर पडून कुंपणाच्या कडेकडेनं मागच्या बाजूला गेले आणि कुसुमच्या स्वयंपाकघरातून आत आले. तिनं मला बघितलं. आणि वाटेतलं पातेलं बाजूला घेतलं.

दिवेलागण झाली. घंटा वाजली. मी हॉलच्या मागच्या दाराआड उभी राहिले.

हॉलच्या एका टोकाला दत्ताची तसबीर, समई, फुलं. आणि तसबिरीच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत अप्पा. उघड्या अंगावर उपरणं, कपाळाला भस्म. मांडीवर आमच्या घरातलं तांब्याचं पंचपात्र, ते इथं कधी आलं मला पत्ताच नव्हता. उजव्या हातात पळी.

आरती संपली. एकेक म्हातारं माणूस काठी टेकत, भिंत धरत त्यांच्यापुढं येऊ लागलं. उजवा तळवा पुढं करायचा, अप्पा पळी रिती करायचे, माणूस ते तोंडाला लावायचा आणि ओला हात डोक्यावरून फिरवायचा. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांच्याकडं सिंधूताई अप्पांची खुर्ची ढकलत न्यायची. ज्या हातात मी चमचा दिला तर तो थरथरायचा, त्या हातातून एक थेंब खाली पडत नव्हता. ओठ हलत होते. मला आत शिरावंसं वाटेना. झटका आल्यापासून मी माझा बाप बघितलाच नव्हता, तो आता बघत होते. सिंधूताईची चोरी होती ती ही एवढीच, असं मला वाटलं. मला हसूही आलं. मी बंद करीन या भीतीनं दोघांनी कट केला होता तर.

सगळे जेवायच्या खोलीकडं निघाले. सिंधूताई एका आजींना धरून घेऊन गेली. “आले हां अप्पा, तुमास्नी न्यायला,” म्हणाली. हॉलमध्ये अप्पा एकटे राहिले.

त्यांनी दाराकडं बघितलं. मग पळी खाली ठेवली, आणि पंचपात्र दोन बोटांनी उचलून तोंडाशी नेलं. त्यात अर्धं तरी पाणी असेल. वर तुळशीचं पान तरंगत होतं.

“अप्पा!”

स्टँडवरचा आवाज लागला माझा. भांडं ओठांपाशी थांबलं. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं. पाणी हिंदकळलं तसं त्यांनी घाबरून भांडं छातीशी घेतलं. स्वतःसाठी नाही, पाण्यासाठी घाबरले.

“सांडंल,” म्हणाले. “सांडायचं न्हाई.”

मग मला कळलं. पूर्ण कळायला क्षणही लागला नाही, कारण ते मला लहानपणापासून माहीत होतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाण्याचा टँकर आला की बायका भांडत आणि पोरं नळीखाली जीभ धरत. त्या गावात भैरोबाच्या तीर्थाचा एकच नियम होता. ते जमिनीवर पडता कामा नये. तुळशीला नाही, झाडाला नाही. देवाला घातलेलं पाणी माणसाच्याच पोटात जायचं. आलेल्या सगळ्यांना द्यायचं आणि उरेल ते गुरवानं, नाहीतर गुरवाच्या घरच्यानं प्यायचं. कुणाला कमी पडू नये म्हणून अप्पा भांडं नेहमी भरून घ्यायचे, आणि मी शाळेतून येऊन देवळाच्या पायरीवर बसून राहायची. शेवटचा माणूस गेला की अप्पा हाक मारायचे, “शाले, ये.” उरलेलं सगळं माझं. त्या गावात पोटभर पाणी पिणारी मी एकटी पोर होते.

“अप्पा, हे छातीत जातं तुमच्या,” मी म्हटलं. “ह्यानं मराल तुम्ही. माहीत आहे ना?”

“म्हाईत हाय.”

“मी विचारलं तेव्हा कुणी पाणी देत नाही म्हणालात.”

“पानी कुठं? तीर्थ हाय.” ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “तू हुतीस तवा तू पीत हुतीस.”

मी जमिनीवर बसले, दोन्ही तळवे जोडून पुढं केले. “द्या,” म्हटलं.

त्यांनी ओंजळीत ओतलं. मी प्याले. परत ओतलं. परत प्याले. शेवटी तुळशीचं पान माझ्या तळव्यावर आलं, आणि कुसुमवर मी कशाचा आळ घेतला होता ते माझ्या हातातच मला दिसलं. मी पान खाल्लं, ओला हात डोक्यावरून फिरवला. अप्पांनी पंचपात्र उपडं धरून दाखवलं. रिकामं. मग खुर्चीत मागं रेलले, खूप दमलेल्या माणसासारखे.

नलिनीताईंना सांगितलं तेव्हा त्या खरोखरच गोंधळल्या. “अहो, पण ते तीर्थ!” म्हणाल्या. “पाणी कुठं दिलं आम्ही?” सिंधूताई रडायला लागली. अप्पांनी तिला भैरोबाची शपथ घातली होती, शालीला सांगू नको म्हणून. पण ते मागं एकटे राहून काय करतात हे तिलाही ठाऊक नव्हतं.

नलिनीताईंनी सुचवलं की तीर्थातच पावडर घालू. मी तयार झाले. म्हाताऱ्यांच्या तळव्यावर तो गोळा पडला, कुणी हसलं, कुणी उपरण्याला पुसला. अप्पांनी ते बघितलं आणि पळी खाली ठेवली. मग मी त्यांची पूजाच बंद करून बघितली. त्यांनी ओठ मिटून घेतले. चहा नको, लापशी नको, औषध नको. डॉक्टरबाईंची भीती घातली, मी ओरडले, हात जोडले. ते भिंतीकडं बघत पडून राहिले. काळसेकर म्हणाले, “आता खोकत नाहीत. पण हे बरं नाही हो. ते खोकत होते तेव्हा निदान होते.”

तेव्हा मी पूजा परत सुरू करवली आणि साहेबांच्या मागं लागून सुट्टीचा वार बदलून घेतला. दर गुरुवारी माळावर. एखाद्या गुरुवारी सुट्टी मोडून बोलावलंच तर संध्याकाळच्या आत सुटायचंच, असं साहेबांना सांगून ठेवलं. आरती झाली, रांग संपली की अप्पा दाराकडं बघून हाक मारायचे, “शाले, ये.” पन्नाशीला टेकलेली, स्टँड हादरवणारी बाई मी, फरशीवर मांडी घालून ओंजळ पुढं करायची. म्हातारी माणसं दारात उभी राहून बघायची. मला लाज वाटत नव्हती. मी सुखी होते, असं म्हटलं तरी चालेल. ताप परत आला नाही. डॉक्टरबाईंनी छाती तपासून म्हटलं, “सापडला वाटतं चोर?” मी म्हटलं, “सापडला.”

थंडी सरत आली होती तेव्हाचा गुरुवार. माणसं कमी म्हणून मला दुपारपर्यंत बोलावलं होतं. घाटात एक मालट्रक आडवा झाला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक तुंबली. कुणाला इजा नव्हती, पण गाड्या येईनात, स्टँडवर माणूस मावेना, आणि मला सोडवायला येणारा नियंत्रक त्या घाटातच अडकलेला. मी माइकवरून तेच तेच सांगत होते आणि घड्याळाकडं बघत होते. दिवेलागणीच्या सुमाराला मी माळावर फोन लावला.

“सिंधूताई, मला उशीर होईल. आरती झाली?”

“झाली की. सगळ्यास्नी दिलं.”

“उरलेलं काढून घे त्यांच्या हातातून. काळसेकरकाकांना दे, तू पी, काही कर.”

“देत न्हाईत ओ. म्या हात लावला तर मांडीत धरून बसलं. घरचं हाय म्हनत्यात. शाली येती म्हनत्यात.”

“त्यांना एकटं सोडू नकोस. भांडं तोंडाशी नेलं तर सरळ हिसकावून घे. सांडलं तर सांडू दे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि मग, “ताई, लौकर या.”

मी माइक शिपायाच्या हातात दिला, जन्मात पहिल्यांदा नोकरीवरून उठून गेले. एका कंडक्टरनं मोटारसायकलवर मागं घेतलं. माळाच्या चढावर वारा इतका की त्याचं बोलणं ऐकू येईना. माझ्या डोळ्यांपुढं एकच होतं. ते कंटाळले असतील. दाराकडं बघून बघून थकले असतील. भांडं उचललं असेल. आता उपरण्याचा बोळा तोंडात असेल.

काळसेकर फाटकाशी उभे होते, मफलर गुंडाळून. “जा, जा आत,” म्हणाले. “डोळा लागलाय त्यांचा. कुणालाही हात लावू दिला नाही.”

हॉलमध्ये समई तेवत होती. सिंधूताई दाराशी स्टुलावर बसलेली. मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. “वाईच डुलकी लागली बगा त्यास्नी,” ती हळू आवाजात म्हणाली. “पन ओठाला लावलं न्हाई. येक डाव सुदिक न्हाई. माजी नजर हुती.”

अप्पा खुर्चीत होते. हनुवटी छातीवर. मांडीवर पंचपात्र, त्याच्याभोवती उजवा हात. मी पुढं वाकले. पाणी तसंच होतं, तुळशीचं पान त्यावर अगदी स्थिर.

ते इतकं स्थिर होतं तेव्हाच मला समजायला हवं होतं.

“अप्पा,” मी म्हटलं. “आले मी.”

मग त्यांच्या हाताला हात लावला. ऊब होती अजून. पण हात माझ्या हाताला काही म्हणेना.

सिंधूताईनं तोंडावर पदर घेतला. कुणीतरी नलिनीताईंना बोलवायला धावलं. डॉक्टरबाई नंतर आल्या, म्हणाल्या दुसरा झटका, क्षणात गेले असतील. त्यांनी छातीवर नळी ठेवून बघितली, सवयीनं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “गेल्या तपासणीला छाती अगदी स्वच्छ होती हो.”

पण ते नंतर. त्याआधी हॉलमध्ये आम्हीच होतो. अप्पांचे ओठ कोरडे पडले होते. इतक्या महिन्यांत साध्या पाण्याचा थेंब मी त्या ओठांना लागू दिला नव्हता. शेवटी शेवटी तर त्यांनी स्वतःच लावला नव्हता, भांडं मांडीवर असून. माझी वाट बघत बसले होते.

पळी खाली पडली होती. मी ती उचलून पदरानं पुसली. त्यांची बोटं एकेक करून सोडवली. पळी बुडवली, तुळशीचं पान तीत घेतलं.

“ताई,” सिंधूताई नकळत म्हणाली, इतक्या महिन्यांच्या सवयीनं, “पातळ हाय त्ये.”

“असू दे,” मी म्हटलं.

मी अप्पांची हनुवटी उचलली आणि पळी त्यांच्या तोंडात रिती केली. घोट झाला नाही. पाणी ओठाच्या कडेनं बाहेर आलं. ते खाली पडायच्या आत मी तळव्यावर झेललं आणि ओला हात त्यांच्या डोक्यावरून फिरवला.

मग फरशीवर मांडी घातली, पंचपात्र तोंडाला लावलं आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.